आखाजीची बातमी

वडनेर भोलजीच्या ग्रामपंचायतीवर चौसष्ट साली भोंगा बसला, आणि वामनरावांनी त्याच दिवसापासून तो स्वतःचा धरला. त्यांचं फारसं चुकतही नव्हतं. पेपर वाचता येणारी माणसं गावात पाच-पन्नास असतील, पण मोठ्यानं, जोडाक्षरं न गिळता, दम न लागता वाचणारा हा एकच. मॅट्रिकला गणितात दोनदा बसले आणि दोनदा आपटले. तीन एकर कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, बायको अन्नपूर्णाबाई, मूलबाळ नाही. अंगानं बुटके. रस्त्यानं जाताना कुणी वळून पाहावं असं त्यांच्यात काही नव्हतं. पण सकाळी साडेसहाला मशीन तापलं, भोंग्यातून खरखर झाली आणि पाठोपाठ "नमस्कार, ग्रामपंचायत वडनेर भोलजी. आता बातम्या ऐका," असा तो आवाज गावावर आला, की घराघरांत चहाच्या बशा खाली ठेवल्या जायच्या.

अर्धा तास. आधी देशाच्या, मग राज्याच्या बातम्या, मग नांदुरा-खामगावच्या बाजारातले भाव, शेवटी गावातल्या सूचना: लस टोचणारी बाई कधी येणार, कोंडवाड्यात कुणाचं ढोर अडकलंय. पेपर आदल्या दिवशीचा असायचा आणि वामनराव ते लपवत नसत. "कालच्या वर्तमानपत्रातून" असं ठणकावून सांगत. घरी "मले-तुले" बोलणारा माणूस माईकसमोर बसला की "मला-तुला" करायचा, म्हणून गाव त्यांची टिंगल करायचं. पण टिंगलीपेक्षा वाईट एक गोष्ट होती. हा माणूस चुकला तर दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून चूक कबूल करायचा. "काल सरकीचा भाव सांगताना आमच्याकडून चूक झाली." अशा माणसाला गाव मान देतं, पण जीव लावत नाही. एकदा कोंडवाड्यात सरपंच किसनरावांचाच बैल सापडला. वामनरावांनी तेही वाचलं, मालकाच्या पूर्ण नावानिशी. किसनराव चारचौघांत हसले, पण ती गोष्ट त्यांनी मनातून काढली नाही.

सत्तरच्या दिवाळीनंतर मोतीराम आला. पिंपळगाव राजाचा, तिशीचा, उंच, तेल लावून भांग पाडलेला. याचा सगळा इतिहास माईकवरच घडलेला होता. आधी टुरिंग टॉकीजच्या टांग्यात बसून "आज शेवटचा खेळ" म्हणून ओरडायचा. तो शेवटचा खेळ महिनाभर चालायचा. मग खामगावच्या बाजारात एका दंतमंजनवाल्याकडं लागला आणि त्याचा खप दुप्पट करून दिला. मंजनानं लोकांच्या हिरड्या सुजल्या तेव्हा मोतीराम तिथं नव्हता. तो नेहमी थोडा आधी निघायचा, ही त्याची खरी अक्कल. वडनेरला त्याची बहीण आशाबाई किसनरावांच्या चुलतभावाला दिलेली होती. बहिणीकडं चार दिवस म्हणून आला आणि तिथंच मुक्काम ठोकला.

पंधरा दिवसांत किसनरावांनी वामनरावांना पंचायतीत बोलावलं.

"वामनराव, तुमच्या बातम्या बराबर हायेत. पन लोकायनं उठल्या उठल्या कायले लढाया आन् अपघात आयकाव? मोतीरामले पंधरा मिन्टं देऊन पाहू."

"पंधरा मिन्टं तो वाचन काय?"

"वाचाचं कायले? बोलन."

वामनरावांना ते कळलंच नाही. माईकवर माणूस वाचतो, बोलतो कसा? हातात कागद नसताना जे तोंडातून निघतं त्याला ते बडबड म्हणत, आणि बडबड करायला पार आहे, हॉटेल आहे. पण दुसऱ्या दिवशी बातम्या संपल्या आणि मोतीरामनं माईक हातात घेतला.

"काय मंग, वडनेरकर! उठले का? का अजून लोळूनच राह्यले? रंगरावभाऊ, तुमच्या घरी काल पुरनपोळ्या झाल्या म्हन्तात. आमाले वास आला, बोलावनं नाई आलं!"

गाव खदखदून हसलं. रंगराव म्हणजे सात-आठ एकर भाजीपाला लावणारा, गावातला तोंडाळ माणूस, तो दिवसभर ज्याला त्याला अडवून विचारत होता, "आयकलं का बे, माह्यं नाव घेतलं भोंग्यावर?" तिसऱ्या दिवशी मोतीरामनं जानरावच्या नव्या विहिरीचं कौतुक केलं. चौथ्या दिवशी रुखमाबाईच्या नातवाचं बारसं. नंतर एक गाण्याची तबकडी, नंतर एक चुटका, नंतर पुन्हा चार नावं. बायका चुलीपुढं भाकरी थापता थापता हात थांबवायच्या, आज आपलं नाव येतं का म्हणून. ज्याला नाव हवं तो आदल्या संध्याकाळी मोतीरामला हॉटेलात चहा पाजायचा. पंजाबरावच्या हॉटेलात त्याचा चहा कुणी ना कुणी पाजतच होतं. सहा-सात वर्षं बातम्या वाचून वामनरावांना कुणी कप विचारला नव्हता.

पोटात दुखायला लागलं ते इथपासून. वामनरावांनी ते कधी लपवलं नाही, स्वतःपासून तर मुळीच नाही. त्यांना मोतीरामचा तिरस्कार वाटायचा, त्याच्या भांगापासून चपलेपर्यंत. मोतीराम पान खाऊन माईकच्या अगदी तोंडाशी बोलायचा. सकाळी वामनराव बसले की जाळीतून त्या पानाचा वास यायचा आणि ते रुमालानं माईक पुसत राहायचे, इतका वेळ की सुरुवातीची दोन मिनिटं त्यातच जायची. मोतीराम स्टँड आपल्या उंचीला चढवून स्क्रू असा पिळून ठेवायचा की वामनरावांना पक्कड घ्यावी लागे. एके दिवशी त्यांनी पेन्सिलीच्या खुणा करून ठेवलेला पेपरच मोतीरामनं भजी बांधायला नेला. त्या दिवशी वामनरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बे, तुले लाज नाई वाटत? बातमी होती ते!"

मोतीराम चिडला नाही. तो कधीच चिडत नसे. भज्याचा तुकडा तोंडात टाकून शांतपणे म्हणाला, "काका, तुमची बातमी खरी असते. पन ते कोनाच्या कामाची नसते."

घरी गेल्यावर वामनरावांना दहा उत्तरं सुचली, ती त्यांनी अन्नपूर्णाबाईंना ऐकवली. अन्नपूर्णाबाई भाकरी वाढता वाढता एवढंच म्हणाल्या, "तुमी खरं वाचता न? मंग वाचत जा. त्याच्याकडं पाहू नका." पण न पाहून कसं चालेल? वर्षभरात अर्ध्या तासातली बातम्यांची वीस मिनिटं झाली, मग दहा. बहात्तरच्या गुढीपाडव्याला किसनरावांनी सांगून टाकलं, की एका भोंग्याला दोन तोंडं परवडत नाहीत.

"मंग ठरवा," वामनराव म्हणाले.

किसनराव तसे न्यायी माणूस म्हणून प्रसिद्ध होते आणि ती प्रसिद्धी त्यांना जपायची होती. ते म्हणाले, "आखाजीले ठरवू. घटमांडनीची बातमी जो आधी भोंग्यावर देईन, माईक त्याचा."

अक्षय तृतीया म्हणजे आमच्याकडची आखाजी. पूर्णेच्या पलीकडं वीस-बावीस मैलांवर एका गावाच्या शिवारात त्या संध्याकाळी घट मांडतात. मातीत गोल आखून कडेनं धान्यं ठेवायची: ज्वारी, गहू, तूर, सरकी, तीळ आणि बाकीची. मधल्या खड्ड्यात चार ढेकळं, पावसाच्या चार महिन्यांची, आणि त्यांवर पाण्यानं भरलेली घागर. रात्री तिकडं कुणी फिरकायचं नाही. पहाटे जाऊन पाहायचं: कोणतं धान्य जागचं हललं, कोणतं ढेकूळ भिजलं, कोणतं कोरडं राहिलं. त्यावरून वर्षाचा पाऊस आणि पीक सांगतात. ते ऐकायला कोसाकोसांवरून माणसं येतात, आणि जो येत नाही तो ऐकून आलेल्याची वाट पाहतो. वडनेरला ती बातमी आठ वर्षं वामनरावांनी आणली होती, सायकलवर, वहीत लिहून घेऊन. ही अट ऐकून त्यांना किसनरावांबद्दल चक्क माया वाटली. हा तर त्यांच्याच हातचा खेळ होता.

आखाजीला दुपारी ते निघाले. उन्हाळ्यात पूर्णेला गुडघाभरही पाणी नसतं. सायकल खांद्यावर घेऊन ती ओलांडली आणि दिवे लागायच्या आत पोचले. मोतीराम कुठं दिसतो का म्हणून सगळी गर्दी पाहिली. नव्हता. पहाटे घटाभोवती माणसांचं कडं पडलं तेव्हाही पाहिलं. नव्हता. वामनरावांच्या पोटात आनंदाची उकळी फुटली. एवढ्या आनंदात त्यांनी ते भाकीत ऐकलं, आणि ते भाकीत असं होतं की आनंद व्हायचं कारण नव्हतं. पहिलं ढेकूळ ओलसर. बाकी तीन कोरडी ठणठणीत. सरकी विखुरलेली. ज्वारी आत सरकलेली. पाऊस कमी, तोही सुरुवातीला, पुढं ओढ. कपाशी जाणार, ज्वारी हाताला लागली तर लागली. गर्दीतल्या म्हाताऱ्यांनी डोक्याचे फेटे काढून हातात घेतले.

वामनरावांनी सगळं शब्दाशब्दानं उतरवून घेतलं आणि सायकल हाणली. वाटेत एकदा पाणी प्यायले, तेवढंच. मे महिन्याचं ऊन नऊ वाजताच डोक्यात शिरत होतं, तरी ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. आता पाहू कोण कुणाच्या कामाचं ते. साडेनऊला महामार्गावर पंजाबरावच्या हॉटेलापाशी आले, तर पंजाबराव कढईतला झारा तसाच धरून हसत पुढं आला.

"या वामनराव! लय थकले? बसा. यंदा तं मजा हाये म्हना!"

"कायची मजा?"

"घटमांडनीची. मोतीरामनं सात वाजताच सांगतली न. चारी महिने पानी, कपाशी घरात मावनार नाई."

वामनरावांनी सायकल स्टँडला न लावताच सोडली. ती आडवी पडली. "सात वाजता? घट पाह्यला तवा सहा वाजले होते. बावीस मैल तो काय उडून आला?"

"आता ते मले काय माहीत? गोड सांगतलं बापा त्यानं. बाया तं नाचाच्या राह्यल्या होत्या."

मोतीराम गावातून हललाच नव्हता. आदल्या संध्याकाळी बहिणीच्या घरी आमरस खाऊन झोपला, सकाळी उठला, दात घासले आणि मनानं वर्षाचा पाऊस पाडून मोकळा झाला.

वामनराव पंचायतीत शिरले ते जोडे न काढता. मोतीराम तबकडी पुसत बसला होता, किसनराव खुर्चीत होते, आणखी दहा-बारा जण सणाचे म्हणून येऊन बसले होते. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. मशीन चालूच होतं. त्यांनी माईक ओढला आणि धापा टाकत वाचलं, उभ्या उभ्या, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आणि वर म्हणाले, "सकाळी या भोंग्यावरून जे सांगण्यात आलं ते खोटं आहे. ग्रामपंचायतीच्या वतीनं दिलगिरी व्यक्त करतो."

मग रंगराव उठला.

"आखाजीच्या सनात हे बोलाचं? सनासुदीत? सकाळी सकाळी कपाशी घालवली बे यानं!"

"मी नाई घालवली, घटात—"

"घटात काय हाये ते घटाजवळ ठेवाचं! लेकीबाळी माहेरी आल्या, आन् तू भोंग्यावर रडगानं लावतं?"

"पन हा तथी गेलाच नाई! इचारा त्याले!" वामनरावांनी मोतीरामकडं बोट केलं. "इचारा, कोनतं ढेकूळ भिजलं होतं!"

मोतीराम उठला आणि सगळ्यांना हात जोडले. "काका मोठे हायेत. मी भांडनार नाई. सनासुदीत लोकायच्या कानात चार गोड शब्द घातले, तो माहा गुन्हा असन तं मले माफ करा."

लोकांना ते पटलं, अगदी मनापासून पटलं. खोटं पकडलं गेलं आहे हे त्या खोलीत प्रत्येकाला कळलं होतं. संध्याकाळच्या एसटीनं उतरलेल्या माणसांनी वामनरावांसारखंच सांगितलं, दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही तेच आलं. काही फरक पडला नाही. खरं कळायला पेपर होता, एसटी होती. भोंग्यावर त्यांना दुसरंच काही हवं होतं. किसनरावांनी न्याय केला: बातमी जो आधी देईल त्याचा माईक, असं ठरलं होतं, आणि मोतीरामनं अडीच तास आधी दिली होती. खरी की खोटी हे कुठं ठरलं होतं?

वामनरावांना आयुष्यात इतका अपमान कधी वाटला नव्हता. खोट्यानं हरवलं असतं तर निदान ओरडता आलं असतं. इथं सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि तरी ते एकटे होते.

मग ते वर्ष आलं. पहिला महिना चार सरी पडल्या, पेरण्या झाल्या, आणि नंतर आभाळ असं कोरडं पडलं की ऑगस्टात कपाशी उभ्या उभ्या जळाली. आता लोक म्हणतील, वामनराव, तुमी सांगतलं होतं. तशी त्यांची फार अपेक्षाही नव्हती. एखाद्यानं, एकदा म्हटलं असतं तरी पुरलं असतं. जानरावची नवी विहीर आटली. तो एक दिवस रस्त्यात आडवा आला आणि म्हणाला, "झालं समाधान? तुह्याच तोंडानं गेलं सगळं. भोंग्यावर चढून दुष्काळ बोलावला तुनं." वामनरावांना वाटलं तो चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. आठवड्याभरात ते अर्ध्या गावाचं मत झालं. बायका पाणवठ्यावर अन्नपूर्णाबाईंना मागं सारू लागल्या. सकाळी बाहेर पडताना वामनराव दिसले तर माणसं पुन्हा घरात जाऊन पाणी पिऊन निघत.

दुष्काळी कामावर खडी फोडायला दोघं नवराबायको जाऊ लागले. तिथंही त्यांच्या ढिगाशेजारी कुणी बसत नसे. एकदा शालूबाई नावाची म्हातारी ऐकू जाईल अशी पुटपुटली, की पांढऱ्या पायाचं ऐकलं होतं, काळ्या जिभेचं आता पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनी हातोडा खाली ठेवला.

"मावशे, पाऊस काय याच्या खिशात होता, का यानं काढून दिला नाई? खरं सांगतलं ते डोळ्यात खुपते तुमच्या. जो खोटं बोलला तो कोठी हाये? बलाव त्याले खडी फोडाले!"

शालूबाई पुन्हा खडी फोडायला लागली. वामनरावांनी मान वर केली नाही, पण त्या दिवशी त्यांना बायकोचा जेवढा आधार वाटला तेवढा लग्नानंतरच्या तीस वर्षांत वाटला नव्हता.

जो खोटं बोलला तो ऑगस्टातच निघून गेला होता. नेहमीसारखा, थोडा आधी. एका बियाण्याच्या जीपवर त्याला जागा मिळाली. मलकापूरपासून अकोल्यापर्यंत गावोगाव फिरून हायब्रीड ज्वारीचं कौतुक सांगायचं काम. दिवाळीत आशाबाईनं सांगितलं की भाऊ नागपूरला रेडिओवर लागला. संक्रांतीला सांगितलं की रेडिओ सोडून मुंबईला गेला. तिथं नवीन टेलिव्हिजन निघालंय, त्यात बातम्या देतो, तोंडासकट दिसतो. वडनेरात टेलिव्हिजन कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, नांदुऱ्यात नव्हतं, बुलढाण्यात नव्हतं. त्यामुळं खोटं म्हणायची सोय नव्हती, आणि गावाला खोटं म्हणायचंही नव्हतं. "आपला मोतीराम मुंबईत दिसते," असं लोक रिकाम्या शेताच्या बांधावर बसून एकमेकांना सांगत. त्यानं कपाशीनं भरून दिलेली घरं रिकामी होती, पण त्याबद्दल त्याला कुणी एक शब्द बोललं नाही.

इकडं भोंगा ओस पडला. किसनरावांच्या पुतण्यानं चार दिवस प्रयत्न केला. तो माईकसमोर बसला की त्याला खोकला यायचा. शाळेच्या मास्तरांनी आठवडाभर वाचलं आणि लोकांनी मुलांना शिकवताय का म्हणून विचारलं. निवडणूक जवळ आली होती. शेवटी फाल्गुनात किसनराव खडीच्या कामावर आले आणि सगळ्यांदेखत वामनरावांच्या ढिगापाशी उकिडवे बसले.

"झालं गेलं जाऊ द्या, वामनराव. उद्यापासून या. तुमच्याशिवाय शोभा नाई भोंग्याले."

वामनरावांनी हातोडा खाली ठेवला. अभिमानानं नाही म्हणावं, चार गोष्टी सुनवाव्यात, असं त्यांनी कितीदा मनात घोकलं होतं. त्यांच्या तोंडून निघालं, "किती वाजता येऊ?"

तो दीड महिना त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला गेला. सकाळी कढत पाणी पिऊन गळा मोकळा करायचा, साडेसहाला माईक, सात वाजता घर. लोक आधी ऐकत नसत, मग ऐकू लागले. दुष्काळी कामांची, टँकरची, धान्य दुकानाची बातमी त्यांच्याकडंच मिळायची. जानराव एक दिवस नमस्कार म्हणाला. पाणवठ्यावर अन्नपूर्णाबाईंची घागर पुढं घेतली गेली. माणूस म्हणून गावात पुन्हा उभं राहायला मिळालं, आणि ते पुन्हा गमावण्याची भीती वामनरावांच्या छातीत पहिल्या दिवसापासून बसली.

आखाजी आली. ते सायकलवर गेले. घट पाहिला, लिहून घेतलं. त्या वर्षीचं भाकीत मागच्याएवढं वाईट नव्हतं, पण गोडही नव्हतं: पाऊस बेताचा, मधे मोठी उघडीप, कपाशीवर कीड. दहाच्या सुमारास पंचायतीत आले तेव्हा पायरीवर, पारावर, समोरच्या भिंतीला टेकून सगळं गाव बसलं होतं. गेल्या वर्षभरात हाडं वर आलेली माणसं. किसनरावांनी दार लोटून घेतलं आणि टेबलावर एक कागद सरकवला. त्यावर सुवाच्य अक्षरात चार ओळी होत्या. चारी महिने पाऊस. कपाशी, ज्वारी भरपूर.

"हे वाचा."

"आन् हे?" वामनरावांनी आपली वही पुढं केली.

"ते पेपरात येईनच उद्या. वामनराव, भाएर पाहा जरा. वरीसभर हे लोक मेल्यासारखे जगले. यायले आज कीड सांगता? मागच्या साली सांगतलं, काय भेटलं?" ते थांबले आणि मग अगदी हळू बोलले. "मुंबईहून मोतीराम येऊन राह्यला म्हनते आशाबाई, सुट्टीवर. तुमाले जमत नसन तं आजचा दिवस त्याले इचारू."

मोतीराम येणार नव्हता. वामनरावांना ते कळत होतं. इतक्या वर्षांत खोटी बातमी ओळखायला ते शिकले होते. तरी त्यांचा हात वहीवरून उचलला गेला. त्यांना खडीचा ढीग दिसला. पाणी पिऊन पुन्हा घराबाहेर पडणारी माणसं दिसली. त्यांनी वही मिटली, मशीन तापेपर्यंत खिडकीतून बाहेर पाहिलं आणि कागद हातात घेतला.

त्यांनी तो उत्तम वाचला. एकही जोडाक्षर गिळलं नाही. मधेच कागदावर नसलेलं एक वाक्यही त्यांच्या तोंडून गेलं, "रंगरावभाऊ, यंदा तुमच्या मळ्यात वांग्यांना जागा पुरायची नाही," आणि ते कुठून आलं हे त्यांनाही समजलं नाही. बाहेर हसण्याचा आवाज आला, वर्षभरात पहिल्यांदा. दार उघडलं तेव्हा रंगराव पुढं झाला, त्यानं दोन्ही हातांनी वामनरावांचे खांदे धरले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आता जमलं तुमाले, वामनराव. येवढी वर्षं लागली, पन जमलं."

पंजाबरावनं हॉटेलात बोलावून चहा पाजला. जानराव शेजारी बसला. वामनरावांनी चहा घेतला, दुसरा कपही घेतला. चहा गोड होता.

घरी आले तेव्हा अन्नपूर्णाबाई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. भोंग्याचा आवाज त्यांच्या घरात नेहमी स्वच्छ यायचा. वामनराव जोडे काढून खांबाला टेकले. त्यांनी वाट पाहिली. त्या भांडतील, निदान विचारतील, वही कुठं आहे. अन्नपूर्णाबाईंनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला आणि वर न पाहता विचारलं, "भोंग्यावर मोतीराम आयकला. कवा आला मुंबईहून?"

वामनरावांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्या हसत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला ते पंचायतीत हजर झाले.